युद्धकाळातली लष्करी मनगटी घड्याळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी लष्करी घड्याळं जमवायला लागल्यापासून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले काही अगदी नवख्यांसाठी आहेत. पुढचे प्रश्न अशा लोकांचे आहेत ज्यांनी एखादं घड्याळ घेतलं आणि मग घरी येऊन झाकण उघडल्यावर त्यांची झोप उडाली.

१. लष्करी घड्याळ नेमकं कशाला म्हणायचं? सैनिकाच्या मनगटावर होतं ते सगळं लष्करीच ना?

नाही. सरकारने स्वतःच्या अटी घालून बनवून घेतलेलं, आपला शिक्का मारलेलं आणि सैनिकाला कामापुरतं दिलेलं घड्याळ म्हणजे लष्करी घड्याळ. ते सैनिकाच्या मालकीचं नसायचं, काम संपलं की परत करायचं असायचं. सैनिकाने स्वतःच्या पैशाने घेतलेलं घड्याळही जमवण्यासारखं असतं, पण तो वेगळा प्रकार आहे आणि त्याचा पुरावाही वेगळा लागतो. घड्याळ काळं आणि आकडे मोठे, एवढ्यावरून ते लष्करी ठरत नाही. त्या काळात तशी दिसणारी घड्याळं सामान्य दुकानांतही भरपूर विकली जात होती.

२. मग पहिल्या महायुद्धातली 'ट्रेंच वॉच' (खंदकातली घड्याळं) लष्करी की खासगी?

बहुतेक खासगी. केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीला, तारेसारखे कान जोडलेले, तबकडी पांढऱ्या मिन्याची आणि काही घड्याळांच्या काचेवर धातूची जाळी, असं त्यांचं रूप असतं. ब्रिटिश अधिकारी अशी घड्याळं स्वतः विकत घेत. त्यामुळे सरकारी शिक्का नाही म्हणून ते बनावट ठरत नाही. उलट अशा घड्याळावर शिक्का ठळक आणि ताजा दिसला, तर तिथे जास्त बारकाईने बघा.

३. सुरुवात कुठल्या घड्याळापासून करावी?

माझं ठाम मत आहे: अमेरिकन ए-११ पासून. एल्जिन, बुलोव्हा आणि वॉल्थम या तीन कंपन्यांनी ते दुसऱ्या महायुद्धात बनवलं. काळी तबकडी, पांढरे आकडे, मधोमध सेकंद काटा आणि साधारण ३२ मिलिमीटरची केस. ती खूप बनली, त्यामुळे आजही मिळतात, सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारे घड्याळजीही मिळतात.

हातात आलं की आधी त्याचं चावी द्यायचं बटण ओढून बघा. सेकंद काटा जागच्या जागी थांबला पाहिजे. अख्ख्या तुकडीची घड्याळं एका इशाऱ्यावर जुळवता यावीत म्हणून ही सोय होती. मी पहिल्यांदा बटण ओढलं आणि तो बारीक पांढरा काटा थबकला, तेव्हा माझा श्वासही क्षणभर थांबला होता. बटण परत दाबलं की तो लगेच चालू लागतो. ऐंशी वर्षांच्या यंत्रात ही हालचाल अजून एवढी नेमकी आहे, हे बघायलाच मी आजही ते घड्याळ काढतो.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे ब्रिटिश एटीपी, म्हणजे 'आर्मी ट्रेड पॅटर्न'. ही युद्धाच्या पहिल्या वर्षांतली, बहुधा पांढऱ्या किंवा चंदेरी तबकडीची आणि आजच्या मानाने लहान घड्याळं आहेत. दिखाऊ नसल्यामुळे त्यांना मागणी कमी असते आणि म्हणूनच नकलाही कमी होतात.

४. 'डर्टी डझन' हे नाव सारखं ऐकतो. ते काय प्रकरण आहे?

ब्रिटिश सरकारने सैन्यासाठी एकच मनगटी घड्याळ ठरवलं आणि त्याच्या अटी बारा कंपन्यांना, बहुतेक स्विस, दिल्या. काळी तबकडी, इंग्रजी आकडे, सहाच्या जागी लहान सेकंद काटा, पंधरा ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) यंत्र, अंधारात दिसणारे काटे, न फुटणारी काच आणि पाणी आत न जाणारी केस. पाठीवर तीन डब्ल्यू: वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ. त्या बारा कंपन्या म्हणजे ब्यूरेन, सायमा, एटर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, जेजर-लकुल्त्र, लेमानिया, लाँजिन, ओमेगा, रेकॉर्ड, टिमॉर आणि व्हर्टेक्स. 'डर्टी डझन' हे नाव संग्राहकांनी खूप नंतर दिलं, लष्कराने नव्हे.

अटी एकच असल्या तरी आतली यंत्रं ज्याची त्याची. ओमेगात ३०टी२, आयडब्ल्यूसीत ८३, लाँजिनमध्ये १२.६८झेड. सगळ्यांत दुर्मीळ ग्राना, आणि पूर्ण बारा जमवू पाहणारे तिथेच वर्षानुवर्षं अडकतात. बाराच्या बारा पाहिजेतच, हा हट्ट मात्र मला पटत नाही. संच पुरा करायच्या घाईत लोक शेवटचं घड्याळ संशय असूनही घेतात. एक प्रामाणिक सायमा चार शंकास्पद घड्याळांना भारी आहे.

५. विक्रेता म्हणतो, हे तीन डब्ल्यूचं घड्याळ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. खरं असेल?

नॉर्मंडीची चढाई ६ जून १९४४ ची. तीन डब्ल्यूची घड्याळं मुख्यतः १९४५ मध्ये सैन्याच्या हाती पडली, आणि युरोपातलं युद्ध त्याच वर्षी मे महिन्यात संपलं. त्या किनाऱ्यावर ब्रिटिश मनगटांवर एटीपी होती, वैमानिकांची वेगळी घड्याळं होती, स्वतः विकत घेतलेली होती. ही गोष्ट विक्रेता मुद्दाम खोटी सांगतो असंही नाही, त्यालाही कुणीतरी सांगितलेली असते. पण तिच्यासाठी एक पैसाही जादा देऊ नका. घड्याळ घ्या, गोष्ट घेऊ नका.

६. पाठीमागचे आकडे आणि खुणा कशा वाचायच्या?

ब्रिटिश घड्याळावर पहिली शोधायची खूण म्हणजे बाण: एका टोकाला मिळणाऱ्या तीन रेघा, कावळ्याच्या पावलासारख्या. सरकारी मालमत्तेची ही खूण घड्याळांच्या कितीतरी आधीपासूनची आहे. तीन डब्ल्यूच्या घड्याळांवर ती तबकडीवरही असते आणि पाठीवरही. पाठीवर दोन क्रमांक असतात. एक कंपनीचा, दुसरा लष्कराचा. लष्कराच्या क्रमांकाआधी बहुधा अक्षर असतं, जसं ओमेगाला वाय आणि व्हर्टेक्सला ए. ओमेगाच्या तबकडीमागे व्हर्टेक्सच्या अक्षराचं झाकण दिसलं तर काय समजायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

ए-११ च्या पाठीवर प्रकाराचं नाव, अटींचा क्रमांक, अनुक्रमांक आणि मागणीचा क्रमांक असा भरगच्च मजकूर असतो. अनेकांच्या अनुक्रमांकात 'एएफ' अक्षरांनंतर वर्षाचे दोन आकडे येतात, ४२ किंवा ४३. अमेरिकन पायदळाच्या घड्याळांवर 'ऑर्ड. डेप्ट.' असतं, म्हणजे शस्त्रास्त्र विभाग.

जर्मन वायुदलाचं मोठं निरीक्षक घड्याळ, ज्याला 'बी-ऊर' म्हणतात, ५५ मिलिमीटरचं होतं आणि कातडी जॅकेटच्या बाहीवरून लांब पट्ट्याने बांधलं जायचं. ते बनवणारे पाचच: लांगे, वेंपे, लाको, स्टोव्हा आणि आयडब्ल्यूसी. केसच्या डाव्या कडेला 'एफएल २३८८३' कोरलेलं असतं आणि बाकीची माहिती झाकणाच्या आतल्या बाजूला. हीच आयडब्ल्यूसी ब्रिटिशांच्या बारा कंपन्यांतही आहे. स्वित्झर्लंड तटस्थ होतं आणि कारखाना दोन्ही बाजूंना घड्याळं देत होता.

चेकोस्लोव्हाकियाच्या वैमानिकांच्या घड्याळांवर 'मायेतेक व्होयेन्स्के स्प्राव्ही' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'लष्करी प्रशासनाची मालमत्ता'. जपानी सैकोशा घड्याळांवर चांदणी असेल तर स्थलसेना, नांगर असेल तर नौसेना.

७. माझं घड्याळ अंधारात चमकत नाही. बिघडलंय का?

नाही, ते अगदी बरोबर आहे. त्या काळच्या चमकत्या रंगात रेडियम आणि झिंक सल्फाइड असायचं. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड चमकायचं, पण सततच्या माऱ्याने तेच काही वर्षांत थकून जातं. रेडियम मात्र थकत नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. म्हणजे प्रकाश गेला, किरणोत्सर्ग शिल्लक राहिला. जास्त काळजी चमकणाऱ्या घड्याळाची करा. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

८. मग हे रेडियम घरात ठेवणं धोक्याचं नाही का?

याचं उत्तर मी नेहमी गंभीरपणे देतो. घड्याळ बंद आहे, काच शाबूत आहे, अधूनमधून मनगटावर बांधता, तर घाबरण्याचं कारण नाही. खरा धोका रंगाची पूड श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाण्याचा आहे. अमेरिकेत १९१७ ते १९२६ या काळात रेडियमचा रंग भरणाऱ्या तरुण मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करत. त्यांची जबड्याची हाडं झिजली, कित्येक जणी मेल्या. पुढे पाच जणींनी कारखान्याविरुद्ध दावा लढवला, तो कामगारांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात गणला जातो. तबकडीवरचा तो पिवळट तपकिरी ठिपका बघताना मला त्या मुली आठवतात, आणि आठवाव्यात असंच वाटतं.

म्हणून काही गोष्टी कधीही करू नका. केस स्वतः उघडून आत फुंकर मारू नका. रंग खरवडू नका. काचेखाली रंगाचे कण सुटे पडलेले दिसले तर घड्याळ हलवू नका, ते घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि घड्याळजीकडे देताना आधी रेडियम आहे हे सांगा. बरेच घड्याळजी असं काम घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो, तेव्हा वीस-तीस घड्याळं झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवू नयेत. हवा खेळती असलेली, लहान मुलांचा हात न पोचणारी जागा हवी.

९. तबकडी नव्याने रंगवली आहे हे कसं ओळखायचं?

एक भिंग आणि एक अतिनील दिवा, एवढं पुरतं. भिंगाखाली छापील अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाई सपाट आणि कडक कडांची असते. हाताने रंगवलेले आकडे जाडसर, कुठे फुगलेले, आणि मिनिटांच्या रेघा एकमेकींपासून कमीजास्त अंतरावर. लहान सेकंदाच्या वर्तुळाची कड मधल्या भोकाभोवती नीट बसली आहे का तेही बघा.

मग दिवा. अतिनील प्रकाश मारा आणि बंद करा. थकलेला जुना रंग लगेच विझतो किंवा उजळतच नाही. मी घेतलेल्या पहिल्या तीन डब्ल्यूच्या घड्याळाचे आकडे दिवा बंद केल्यावरही अंधारात हिरवेगार तेवत राहिले. मिनिटभर, दोन मिनिटं. ते बघताना पोटात खड्डा पडला, कारण त्याचा अर्थ एकच होता: कुणीतरी नवीन रंग भरला होता. विक्रेत्याने त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

तबकडी आणि काट्यांचा रंग एकमेकांशी जुळतो का हेही बघा. आणखी एक खूण मला फार आवडते. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडलेलं असेल, तर काटे जिथे थांबले होते तिथे तबकडीवर रेडियमने जळल्यासारखा काळपट ठसा उमटतो. ही सावली सहजासहजी नकलता येत नाही.

१०. तबकडीवर कंपनीचं नावच नाही, फक्त बाण, एक लांबलचक क्रमांक आणि गोलातला टी आहे. फसलो का मी?

बहुतेक नाही. प्रश्न ९ चा नियम इथे उलटा चालतो. युद्धानंतर ब्रिटिश लष्कराने ही घड्याळं फेकली नाहीत, पुढे बरीच वर्षं वापरली. दुरुस्तीच्या वेळी रेडियमच्या तबकड्या काढून त्यांच्या जागी लष्कराच्या स्वतःच्या तबकड्या बसवल्या. गोलातला टी म्हणजे ट्रिटियम, रेडियमपेक्षा पुष्कळ सौम्य. अशी तबकडी मूळ नाही, पण ती लष्करानेच बसवलेली आहे, घड्याळाच्या नोकरीचा भाग आहे. ती काढून बाजारातली 'मूळ' तबकडी बसवू नका. मला स्वतःला अशी घड्याळं जास्त जवळची वाटतात. संग्राहकांच्या बाजारात त्यांना भाव कमी मिळतो, ही खरेदी करणाऱ्यासाठी चांगलीच गोष्ट आहे.

११. दोन-तीन घड्याळांचे भाग जोडून केलेलं घड्याळ कसं पकडायचं?

झाकण उघडल्याशिवाय पकडता येत नाही. म्हणून आतल्या यंत्राचा स्पष्ट फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. तबकडीवरचं नाव, यंत्रावरचं नाव आणि झाकणावरचं अक्षर यांचं एकमत झालं पाहिजे. यंत्र केसमध्ये सैल बसलं आहे का, सेकंद काट्याचा दांडा तबकडीच्या भोकाच्या बरोबर मधोमध आहे का, बघा.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेली बारीक अक्षरं आणि तारखा दिसतात. त्या जुन्या घड्याळजींच्या दुरुस्तीच्या नोंदी. त्यांना डाग समजू नका. केस पुसट, यंत्र चकचकीत आणि झाकणाची आतली बाजू कोरी करकरीत, असं दिसलं तर थांबा.

लष्करी कार्यशाळांतही एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला लावला जात होता. तेव्हा काटे वेगळे आहेत एवढ्यावरून घड्याळ टाकून देऊ नका. अक्षर आणि तबकडी जुळत नसेल, तर मात्र किंमत भागांची द्या, घड्याळाची नव्हे.

१२. सगळ्यात जास्त नकला कशाच्या होतात?

इटालियन नौसेनेच्या पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांनी वापरलेल्या ४७ मिलिमीटरच्या पानेराई घड्याळांच्या. त्यांच्यापाठोपाठ जर्मन बी-ऊर, हानहार्ट आणि टुटिमाची क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेली घड्याळं), आणि रंगीबेरंगी चित्रांची 'सोव्हिएत लष्करी' घड्याळं. या शेवटच्या प्रकारात आतलं यंत्र खरोखर सोव्हिएत असतं, फक्त तबकडीवरचं विमान, रणगाडा किंवा तारा कालपरवा छापलेला. युद्धात दिलेल्या घड्याळांवर चित्रं नसतात. सैनिकाला वेळ वाचायची होती. पहिली दोन-तीन वर्षं या यादीतलं काहीही घेऊ नका.

१३. घड्याळजी म्हणतो पॉलिश करून नव्यासारखं करून देतो. करू का?

नको. माझं एक ए-११ होतं, कुणाचाही हात न लागलेलं. तेल घालायला दिलं आणि परत आलं ते आरशासारखं. त्या माणसाने माझ्या भल्यासाठीच केलं होतं, जादा पैसेही घेतले नाहीत. पण पाठीवरच्या अक्षरांच्या कडा गेल्या होत्या. पूर्वी नखाला लागायचा तो अनुक्रमांक आता बोट फिरवून कळत नव्हता. धातू गेला तो गेला. तेव्हापासून मी घड्याळासोबत चिठ्ठी देतो: 'यंत्र साफ करा, तेल घाला. केस, तबकडी, काटे यांना हात लावू नका. काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्या.' काच आणि मुख्य स्प्रिंग बदलायला हरकत नाही, त्या झिजायच्याच वस्तू आहेत.

१४. रोज वापरता येईल का? पाण्यात?

रोज नाही, पण आठवड्यातून एक-दोनदा जरूर. पाण्यापासून लांब ठेवा, पाठीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी. तो शब्द १९४५ सालच्या रबरासाठी होता. यातल्या बहुतेक यंत्रांत धक्क्यापासून संरक्षण नसतं. टेबलावरून फरशीवर पडलं की बॅलन्सचा, म्हणजे गती राखणाऱ्या चाकाचा, दांडा मोडतो. घड्याळ मनगटावरून काढून मग चावी द्या, रोज एकाच वेळी, आणि अडथळा लागला की थांबा.

१५. दिवसाला किती मागेपुढे झालेलं चालतं?

नीट साफ केलेलं घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहिलं की मी समाधानी असतो. अचानक तासाला कित्येक मिनिटं पुढे धावू लागलं, तर बहुधा चुंबकत्व लागलेलं असतं. घड्याळजी ते मिनिटभरात काढतो.

१६. पट्टा बदलायचा आहे, पण दांडी निघतच नाही.

निघणार नाही, ती केसला पक्की जोडलेली आहे. लढताना पट्ट्याची दांडी सुटून घड्याळ पडू नये म्हणून. पक्कड लावू नका. एकाच तुकड्याचा, दोन्ही दांड्यांखालून ओवायचा पट्टा घ्या. राखाडी नायलॉनचा जो पट्टा सगळे 'लष्करी' म्हणून विकतात, त्याचं ब्रिटिश मानक १९७३ चं आहे. वापरायला उत्तम, पण युद्धकाळातला म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

१७. पाठीवर दोन क्रमांक आहेत आणि एक खोडलेला आहे. चोरीचं आहे का?

असेलच असं नाही. युद्धानंतर बरीच ब्रिटिश घड्याळं दुसऱ्या सैन्यांकडे गेली आणि त्यांनी आपले क्रमांक टाकले. काही इंडोनेशियात पोचली, त्यांच्यावर त्या देशाच्या स्थलसेनेची 'एडीआरआय' ही अक्षरं सापडतात. जुन्या आणि नव्या कोरीवकामावर सारखीच झीज असेल तर ते एकत्रच म्हातारे झाले आहेत. नवा क्रमांक चमकत असेल आणि खाचेत मळ नसेल, तर दूर राहा.

१८. जर्मन घड्याळावर नाझी चिन्ह आहे. घेणं योग्य आहे का?

आधी हे बघा की ते चिन्ह मूळ आहे का. गिऱ्हाइकाला आकर्षित करायला ते नंतर कोरलेली घड्याळं खूप आहेत. लष्करी घड्याळांवर बहुधा साधी अक्षरं असतात, जसं स्थलसेनेच्या घड्याळांवर डी आणि एच. जर्मनीत अशा चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर फौजदारी कायद्याच्या ८६ए कलमाखाली बंदी आहे, इतिहास आणि संशोधनासाठी अपवाद आहेत. तिथे खरेदी-विक्री करणार असाल तर हे माहीत असू द्या. माझ्याकडे अशी दोन घड्याळं आहेत आणि ती मी मिरवायला मनगटावर बांधत नाही.

१९. क्रमांकावरून ते कुणी वापरलं हे शोधता येईल का?

फक्त क्रमांकावरून, नाही. घड्याळ तुकडीकडे जायचं, एका सैनिकाकडून दुसऱ्याकडे फिरायचं. माणसाचा माग लागतो तो घड्याळासोबत आलेल्या वस्तूंमुळे: सुट्टीचा कागद, फोटो, ओळखपट्टी, घरच्यांचं पत्र. म्हणून एखाद्या कुटुंबाकडून थेट घेत असाल तर घड्याळाआधी डबा मागा. ज्या डब्यात ते इतकी वर्षं होतं, त्यातलं सगळं, गंजलेलं बक्कल आणि तुटका पट्टासुद्धा. आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जे आठवतं ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

२०. पाठीवर कुणीतरी खिळ्याने आडवंतिडवं नाव कोरलं आहे. किंमत कमी होते म्हणतात. घासून काढू?

घासू नका. सरकारी मालावर नाव कोरायला त्याला बंदी असणार, तरी त्याने कोरलं. माझ्याकडच्या एका एटीपीवर अशी फक्त दोन आद्याक्षरं आहेत, दुसरं अक्षर निम्मंच आहे, हात घसरल्यासारखं. कुणी त्याला कमी भाव दिला तर देऊ दे. ते माझ्याकडून विकलं जाणार नाही.